निर्लेखनाच्या अलीकडे

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
जिल्हा परिषद, परभणी.

विषय : राणीसावरगाव व परिसरातील सार्वजनिक काँक्रीट बांधकामांचे मूल्यमापन, दुरुस्ती आणि पुनर्वसन यांबाबत.



ग्रामीण भागातील सार्वजनिक इमारतीची दखल सरकारी दप्तरात बहुधा दोनदाच घेतली जाते. पहिली दखल ती बांधली जाताना घेतली जाते आणि तेव्हा अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता व मोजमाप पुस्तिका असे कागद रीतसर तयार होतात. दुसरी दखल ती वापरण्यास अयोग्य ठरून तिच्या निर्लेखनाचा, म्हणजे मालमत्तेच्या नोंदीतून कमी करून ती पाडण्याचा, प्रस्ताव येतो तेव्हा घेतली जाते. या दोन नोंदींच्या मध्ये तीस, चाळीस, कधी पन्नास वर्षे निघून जातात, आणि त्या काळात इमारतीच्या पोटात काय घडत गेले हे सांगणारा एकही कागद सहसा हाती लागत नाही. सापडतात ती रंगरंगोटीची आणि किरकोळ दुरुस्तीची देयके. प्रस्तुत पत्राचा विषय हा मधला काळ आहे. गंगाखेड तालुक्यात बालाघाटाच्या डोंगररांगांमध्ये वसलेले आणि रेणुकादेवीच्या ठाण्यामुळे जिल्ह्याबाहेरही ओळखले जाणारे राणीसावरगाव येथे केंद्रस्थानी घेतले आहे, ते तेथील एखाद्या विशिष्ट इमारतीबद्दल तक्रार करण्यासाठी नव्हे. शाळा, पंचायतीचे कार्यालय, जलकुंभ, ओढ्यावरचा छोटा पूल आणि यात्रेच्या दिवसांत माणसांनी भरून जाणाऱ्या गच्च्या हे सारे ज्या गावात एकत्र आढळते अशा गावाच्या दृष्टीने हा प्रश्न मांडणे अधिक सोयीचे आहे, म्हणून.

प्रारंभी तीन शब्दांचा अर्थ निश्चित करणे आवश्यक आहे, कारण व्यवहारात ते एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात. मूल्यमापन म्हणजे उभ्या असलेल्या बांधकामाची आजची ताकद किती, ती का घटली आणि घट कोणत्या वेगाने चालू आहे, याचा मोजमापांच्या आधारे घेतलेला शोध. दुरुस्ती म्हणजे बिघडलेला भाग काढून तेथे मूळ दर्जाचा किंवा त्याहून चांगला भाग भरणे. पुनर्वसन या शब्दाला मराठवाड्यात धरणग्रस्त आणि भूकंपग्रस्त गावांची आठवण चिकटलेली आहे. स्थापत्यशास्त्रात मात्र त्याचा अर्थ बांधकामाला त्याचे काम पुन्हा पूर्ण क्षमतेने, आणि पुढील ठरावीक वर्षे, करता येईल अशा स्थितीत आणणे असा आहे, आणि मूळ आराखड्यापेक्षा अधिक ताकद द्यावी लागली तर त्याला मजबुतीकरण म्हणतात. यांतील पहिली पायरी गाळून केलेली दुरुस्ती ही तपासणीवाचून दिलेल्या औषधासारखी असते. दुर्दैवाने खेड्यापाड्यांत दुरुस्ती म्हणून जे चालते त्यातील फार मोठा भाग याच प्रकारचा आहे.

मराठवाड्यात काँक्रीटने लोकांच्या मनात घर केले ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेनंतर. किल्लारी परिसरातील त्या भूकंपात जी हजारो माणसे गेली ती प्रामुख्याने दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांच्यावरील जड माळवदे यांच्याखाली गाडली गेली, आणि त्यानंतर दगडमातीचे घर म्हणजे धोका व स्लॅबचे घर म्हणजे निर्धास्तपणा अशी समजूत गावोगाव पक्की झाली. राज्याने जागतिक बँकेच्या साहाय्याने जो भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला त्यात गावांच्या स्थलांतराबरोबरच कमी नुकसान झालेल्या घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण हाही मोठा भाग होता; भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधून ठेवणारे आरपार दुवे बसवणे, माळवदावरील मातीचा थर कमी करणे, लाकडी खांब आणि तुळया यांच्या सांध्यांना तिरके आधार देणे असे साधे, स्वस्त आणि शास्त्रशुद्ध उपाय त्यात सुचवले होते. प्रत्यक्षात अनेक कुटुंबांनी मिळालेले साहाय्य जुने घर बळकट करण्यात न घालता शेजारी एखादी नवी पक्की खोली उभी करण्यात घातले. भीतीच्या छायेत घेतलेला तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु जुने सुधारण्यापेक्षा नवे बांधणे बरे, हे वळण त्याच काळात घट्ट झाले आणि सार्वजनिक बांधकामेही त्यापासून दूर राहिली नाहीत.

आज त्या घटनेला तीस वर्षे उलटून गेली आहेत. भूकंपानंतरच्या दशकात मराठवाड्यात उभी राहिलेली काँक्रीटची पिढी आता अशा वयात आली आहे की, शहरात असती तर कायद्याने तिची तपासणी भाग पडली असती. मुंबई महानगरपालिकेच्या अधिनियमात तीस वर्षे पूर्ण झालेल्या इमारतीसाठी संरचनात्मक स्थैर्याचे प्रमाणपत्र घेण्याची तरतूद आहे, आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण, म्हणजे ज्याला सर्वत्र स्ट्रक्चरल ऑडिट म्हटले जाते ते, पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढे तीन वर्षांतून एकदा व्हावे लागते. मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीसाठी तर १९६९ च्या कायद्याने स्वतंत्र मंडळच स्थापन झाले. गावातल्या शाळेच्या किंवा जलकुंभाच्या वाट्याला असे वेळापत्रक आलेले नाही. तीस वर्षांचे काँक्रीट महानगरात जसे थकते तसेच राणीसावरगावातही थकते. किंबहुना पुढे स्पष्ट होईल त्याप्रमाणे, समुद्र दूर असूनही ते काही कारणांनी येथे लवकर थकू शकते.

काँक्रीट कसे थकते हे समजून घेतल्याशिवाय दुरुस्तीचा विचार पुढे सरकत नाही. काँक्रीट दाब सहन करते, ताण सहन करत नाही. ताण घेण्याचे काम आतल्या लोखंडी सळया, म्हणजे मराठवाड्याच्या बोलीतले गज, करतात. सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगातून तयार होणारा चुन्याचा अंश काँक्रीटला तीव्र अल्कधर्मी ठेवतो, म्हणजे त्याचा सामू साडेबाराच्या आसपास किंवा त्याहून अधिक असतो, आणि अशा वातावरणात गजावर एक अत्यंत पातळ संरक्षक पापुद्रा तयार होऊन तो गंजण्यापासून वाचतो. हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून हळूहळू आत शिरतो, त्या चुन्याशी संयोग पावतो आणि सामू नऊच्या खाली आणतो. या क्रियेला कार्बनीकरण म्हणतात. तिची आघाडी ज्या दिवशी गजापर्यंत पोचते त्या दिवसापासून गजाचे कवच नाहीसे होते, आणि मग केवळ ओल व प्राणवायू मिळाला की गंज सुरू होतो. गंजलेले लोखंड मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापते, त्यामुळे आतून दाब निर्माण होऊन गजाच्या रेषेतच भेग पडते, नंतर खालचा थर फुगतो, त्याच्यावर हातोडीने ठोकले असता पोकळ आवाज येतो आणि शेवटी पोपडा निखळतो.

या सगळ्यात गजाखालचा काँक्रीटचा थर, ज्याला आच्छादन किंवा कव्हर म्हणतात, निर्णायक ठरतो. कार्बनीकरणाची खोली साधारणपणे काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ज्या काँक्रीटमध्ये ते दहा वर्षांत दहा मिलिमीटर आत जाते त्यातच वीस मिलिमीटर जाण्यास चाळीस वर्षे लागतात. आच्छादन दुप्पट केले तर संरक्षणाचा काळ चौपट होतो, हा या हिशेबाचा अर्थ आहे. सौम्य परिस्थितीसाठी भारतीय मानक आयएस ४५६ किमान वीस आणि मध्यम परिस्थितीसाठी तीस मिलिमीटर आच्छादन सांगते. सेंट्रिंगच्या फळ्यांवर गज बांधताना खाली ठेवायचे सिमेंटचे ठोकळे विसरले गेले किंवा त्यांच्या जागी दगडी कपची सरकवली गेली, आणि काँक्रीट ओतताना बिगाऱ्यांच्या पायांखाली जाळी दबली, की वीसचे आठ मिलिमीटर होतात. कागदावरच्या चाळीस वर्षांचे त्यामुळे सहा-सात वर्षे होतात, आणि मोजमाप पुस्तिकेत या फरकाचा मागमूसही राहत नाही.

काँक्रीट येथे लवकर थकण्याचे, अपुऱ्या आच्छादनानंतरचे, दुसरे कारण पाण्याशी निगडित आहे, आणि त्याचा विचार सविस्तर करणे आवश्यक आहे. पावसाळ्याआधी काम संपावे या घाईत ग्रामीण भागातील पुष्कळ कामे एप्रिल-मे महिन्यांत उरकली जातात, म्हणजे नेमक्या त्या दिवसांत, जेव्हा उन्हाचा पारा चाळीस अंशांच्या वर असतो आणि बालाघाटातील गावांमध्ये पिण्याच्या पाण्याचीच चणचण असते. काँक्रीट वाळून घट्ट होत नाही. सिमेंटची पाण्याशी होणारी रासायनिक क्रिया पूर्ण होईल तेवढे दिवस त्यात ओल राहिली तरच ते घट्ट होते, आणि म्हणूनच पाणी मारणे हा बांधकामाचाच एक भाग आहे. मानकानुसार साध्या सिमेंटसाठी किमान सात दिवस आणि मिश्र सिमेंटसाठी किंवा उष्ण-कोरड्या हवेत किमान दहा दिवस पृष्ठभाग ओला राहिला पाहिजे. ज्या गावात टँकरची वाट पाहिली जाते तेथे गुत्तेदाराने दहा दिवस स्लॅबवर पाणी साठवून ठेवावे ही अपेक्षा अंदाजपत्रकात सहज लिहिता येते. ती पुरी झाली नाही तर सर्वांत बाहेरचा थर, ज्याने गजाचे रक्षण करायचे तोच, सर्वाधिक सच्छिद्र राहतो. याच्या जोडीला विहीर-बोअरच्या पाण्याचा प्रश्न येतो. प्रबलित काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइडचे प्रमाण लिटरला पाचशे मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे असा दंडक आहे, कारण क्लोराइड गजावरील पापुद्रा ठिकठिकाणी भेदतो आणि सामू उत्तम असतानाही गंज सुरू करतो. उन्हाळ्यात तळाला गेलेल्या बोअरचे मचूळ पाणी या मर्यादेत बसते किंवा नाही हे एका साध्या प्रयोगशालेय चाचणीने कळते. ती चाचणी छोट्या कामांवर क्वचितच केली जाते. सागरकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या शाळेच्या स्लॅबमध्ये मीठ आढळले तर ते समुद्राने आणलेले नसते.

तिसरे कारण पायाखालचे आहे. काळी कापसाची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या इमारतींच्या भिंतींत खिडक्यांच्या कोपऱ्यांपासून निघणाऱ्या तिरक्या भेगा दिसतात. या भेगा आणि गंजामुळे पडलेल्या भेगा यांची जात वेगळी आहे. पहिल्या भेगा ऋतूनुसार उघडतात आणि मिटतात, दुसऱ्या भेगा वाढतच जातात. त्यामुळे भेगेवर काचेची पट्टी चिकटवून किंवा दोन्ही बाजूंना खुणा करून वर्षभर तिची रुंदी मोजणे हा मूल्यमापनाचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे.

मूल्यमापनाची साधने आज दुर्मीळ राहिलेली नाहीत. काँक्रीटच्या ताज्या फोडीवर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण शिंपडले असता निरोगी भाग गुलाबी होतो आणि कार्बनीकरण झालेला भाग रंगहीन राहतो. ही चाचणी शाळेच्या विज्ञान प्रयोगशाळेतील बाटलीनेही करता येते. काँक्रीटमधून श्राव्यातीत ध्वनिलहरी पाठवून त्यांचा वेग मोजणे ही दुसरी पद्धत असून, भारतीय मानकाच्या १९९२ मधील निकषानुसार सेकंदाला साडेचार किलोमीटरहून अधिक वेग उत्कृष्ट, साडेतीन ते साडेचार चांगला, तीन ते साडेतीन मध्यम आणि तीनहून कमी वेग संशयास्पद दर्जा दाखवतो. गजांच्या विद्युत विभवाचे मापन गंज चालू असण्याची शक्यता सांगते, तर यंत्राने कापून काढलेला काँक्रीटचा दंडगोल, म्हणजे कोअर, दाबयंत्रात फोडून प्रत्यक्ष ताकद समजते. सर्वाधिक प्रचार मात्र रिबाउंड हॅमरचा, म्हणजे पृष्ठभागावर आदळून उसळी मोजणाऱ्या हातोड्याचा झाला आहे, कारण तो हाताळण्यास सोपा आहे आणि त्याचा आकडा लगेच मिळतो. जुन्या इमारतीत या आकड्यावर एकट्याने विसंबणे धोक्याचे आहे. कार्बनीकरणामुळे काँक्रीटचा बाहेरचा थर अधिक कठीण होतो, त्यामुळे हातोडा खऱ्याहून अधिक ताकद दाखवतो आणि ही चूक टोकाच्या स्थितीत पन्नास टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. ज्या क्रियेने गज उघडा पडला तीच क्रिया अहवालात इमारत ठणठणीत असल्याचा आभास निर्माण करते.

वरवरच्या परीक्षणाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळील पादचारी पुलाचा भाग रस्त्यावर कोसळून माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हा त्या पुलाचे संरचनात्मक परीक्षण आधीच होऊन तो किरकोळ दुरुस्तीसह वापरास योग्य ठरवला गेला होता, हे नंतर उघड झाले. म्हणून परीक्षण झाले का, हा प्रश्न अपुरा आहे. परीक्षणात काय मोजले, कोठे मोजले आणि आकडे कोणते आले, हे विचारले गेले पाहिजे. शाळांच्या बाबतीत इशारा याहून अधिक बोचरा आहे. २८ ऑगस्ट २०१७ रोजी तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील निंबोडी येथे जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत कोसळून तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, आणि २५ जुलै २०२५ रोजी राजस्थानातील झालावाड जिल्ह्यात पिपलोदी येथे शाळेची इमारत कोसळून सात मुले गेली. दोन्ही घटना पावसाळ्यातल्या आहेत. छतात मुरलेले पाणी वजन वाढवते, ओलीने सांधे ढिले होतात आणि उन्हाळ्यात न दिसलेली दुर्बलता नेमकी शाळा भरलेली असताना प्रकट होते.

दुरुस्तीच्या नावाखाली जे केले जाते त्याकडे आता वळावे लागेल. स्लॅबचा पोपडा निखळून तांबडे गज दिसू लागले की मिस्त्री ते ब्रशने झाडतो, त्यांवर सिमेंटचे दाट पाणी मारतो, गिलावा करून छत सपाट करतो आणि वर चुना दिला की वर्गखोली पुन्हा वापरात येते. अशा दुरुस्तीने गंज थांबत नाही, केवळ झाकला जातो. त्यात आणखी एक, फारसा माहीत नसलेला, अपाय आहे. नव्या गिलाव्यातील गजाचा भाग ताज्या सिमेंटमुळे पुन्हा अल्कधर्मी वातावरणात जातो आणि त्याच्या लगतचा, जुन्या काँक्रीटमधला भाग तसाच राहतो. एकाच गजाच्या या दोन भागांत विद्युत विभवाचा फरक निर्माण होतो आणि गंजाचा जोर थिगळाच्या कडेला, म्हणजे आतापर्यंत धड दिसणाऱ्या जागी, वाढतो. दोन-तीन पावसाळ्यांनंतर थिगळाभोवती नवा पोपडा सुटलेला दिसतो तो याच कारणाने, आणि त्याचा दोष बहुधा सिमेंटच्या कंपनीला दिला जातो.

शास्त्रशुद्ध दुरुस्तीचा क्रम याहून कष्टाचा आहे, तरी गूढ मात्र नाही. आधी स्लॅबला खालून टेकू दिले जातात. त्यानंतर सैल काँक्रीट गजाच्या मागे बोट जाईल इतक्या, म्हणजे वीस-पंचवीस मिलिमीटर खोलीपर्यंत आणि कार्बनीकरण झालेला भाग संपेपर्यंत फोडून काढतात, गज तारेच्या ब्रशने किंवा वाळूच्या फवाऱ्याने उजळ होईपर्यंत घासतात, त्याचा व्यास मोजून जेथे तो लक्षणीय घटला असेल तेथे पुरेशा लांबीचा नवा गज जोडतात, त्यावर गंजरोधक लेप देतात, जुन्या-नव्या काँक्रीटला जोडणारे द्रव्य लावतात आणि पोकळी पॉलिमरयुक्त मसाल्याने किंवा खोली जास्त असेल तर बारीक खडीच्या सूक्ष्म काँक्रीटने भरतात. भेग न वाढणारी असेल तर तीत इपॉक्सी राळ दाबाने भरता येते. कॉलम दुर्बल असेल तर त्याच्याभोवती नव्या गजांचे आणि काँक्रीटचे वेष्टन, म्हणजे जॅकेट, चढवता येते. आणि या सर्वांच्या आधी किंवा बरोबरीने गच्चीवरील पाण्याचा बंदोबस्त झाला पाहिजे, उतार दिला गेला पाहिजे, पाणी वाहून नेणारे नळ मोकळे झाले पाहिजेत, कारण पाणी मुरतच राहिले तर खालची कितीही उत्तम दुरुस्ती टिकत नाही. व्यवहारात वरची गळती आणि खालचे छत या दोन वेगळ्या कामांचे दोन वेगळे प्रस्ताव होतात आणि एक मंजूर होतो.

जलकुंभाचा उल्लेख स्वतंत्रपणे करणे भाग आहे. गावाच्या क्षितिजावर उभी असलेली ही पाण्याची टाकी खालून पाहिली असता बाहेरून धड दिसते; तिच्या घुमटाच्या आतल्या बाजूला मात्र वर्षानुवर्षे दमट हवा आणि निर्जंतुकीकरणासाठी वापरलेल्या क्लोरिनची वाफ साचत राहते, आणि पाण्याच्या पातळीच्या वरचा हा भागच सर्वप्रथम गंजतो. टाकी रिकामी करून आत दिवा घेऊन उतरल्याशिवाय तो दिसत नाही, आणि टाकी रिकामी करणे म्हणजे गावाचे पाणी एक-दोन दिवस बंद करणे असल्याने ते पुढे ढकलले जाते. वर्षातून एकदा टाकी धुण्याच्या दिवशीच अभियंत्याची भेट ठरवली तर ही अडचण आपोआप सुटते.

उभ्या काँक्रीटला वाचवता येते याचा सर्वांत भव्य दाखला महाराष्ट्रातच आहे. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या वरच्या भागात, जेथे भिंतीचा उतार बदलतो तेथे, आडव्या भेगा पडल्या. तेव्हा प्रथम भेगांचा नेमका माग काढण्यात आला, त्यांत इपॉक्सी राळ भरण्यात आली आणि सांडव्याखेरीजच्या भागाला खालच्या अंगाने काँक्रीटच्या टेकूभिंती देऊन धरण पूर्वीपेक्षा बळकट करण्यात आले. जगभरच्या धरणशास्त्राच्या ग्रंथांत त्या कामाचा उल्लेख येतो. याच्या उलट, गोव्यात पणजीजवळ मांडवीवरचा पूर्वप्रतिबलित काँक्रीटचा पूल, ज्यात गजांऐवजी ताणलेल्या पोलादी तारा भार पेलतात, वाहतुकीस खुला झाल्यापासून दोन दशकेही पुरी होण्याआधी, ५ जुलै १९८६ रोजी, तारांच्या गंजामुळे कोसळला. ठाणे खाडीवरचा पहिला पूलही त्याच सुमाराच्या पिढीतला आणि त्याच रोगाने पछाडलेला होता. तेथे रोग वेळेत ओळखला जाऊन जड वाहतूक रोखण्यात आली आणि बाहेरून नव्या तारा ताणून तो सावरण्यात आला. शाळेच्या तीन खोल्यांची तुलना कोयनेशी करणे कोणाला अतिशयोक्त वाटेल, परंतु प्रथम मोजणे, मग कारण ठरवणे आणि मग हात लावणे हा क्रम दोन्हीकडे एकच आहे.

राणीसावरगावाच्या बाबतीत भाराचा प्रश्नही लक्षात घ्यावा लागतो. इमारतीचा आराखडा करताना निवासी खोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो, वर्गखोलीसाठी तीनशे किलो आणि उभ्या गर्दीच्या सभागृहासाठी पाचशे किलो इतका भार मानकानुसार गृहीत धरला जातो, तर जाण्या-येण्याची सोय असलेल्या गच्चीसाठी तो साधारण दीडशे किलोच असतो. नवरात्रात देवीच्या दर्शनाला येणारी गर्दी जेव्हा एखाद्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर किंवा सज्ज्यावर दाटीवाटीने उभी राहते, तेव्हा ज्या भारासाठी तो स्लॅब कधीच बांधला नव्हता तो भार त्यावर येतो, आणि तोही नेमका पावसाळा संपता संपता, छत ओले असताना. गाव भूकंपाच्या बातम्यांपासूनही दूर नाही. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ परिमाणाचा धक्का परभणी व नांदेड जिल्ह्यांतही जाणवला, आणि त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा तसाच धक्का बसला. निरोगी इमारतीला अशा धक्क्याने काही होत नाही. ज्या कॉलमचे गज निम्मे गंजले आहेत त्याच्याबद्दल तसे सांगता येत नाही, आणि जुन्या प्रबलित काँक्रीट इमारतींच्या भूकंपीय मूल्यमापनासाठी व मजबुतीकरणासाठी आयएस १५९८८ हे स्वतंत्र मानक २०१३ पासून उपलब्ध असताना त्याचा वापर ग्रामीण इमारतींसाठी न होणे समर्थनीय नाही.

प्रत्येक जुनी इमारत वाचवलीच पाहिजे असा येथे आग्रह नाही. ज्या इमारतीत मिठाचा अंश सर्वत्र पसरला आहे, ज्यात काँक्रीटची मूळ प्रतच हलकी आहे किंवा जिचा पाया सतत हलतो आहे, तिच्यावर खर्च करणे म्हणजे सार्वजनिक पैसा पाण्यात घालणे होय, आणि तिचे निर्लेखन विनाविलंब झाले पाहिजे; धोकादायक ठरलेली खोली प्रस्तावाच्या प्रवासात दोन-तीन पावसाळे उभी राहणे हे तर सर्वांत वाईट. परंतु निर्लेखनाचा निर्णयसुद्धा मोजमापांवर उभा असावा, कारण नजरेने वाईट दिसणारी इमारत कधी कधी केवळ गच्चीच्या गळतीने कुरूप झालेली असते आणि नजरेला साजरी वाटणारी आतून पोखरलेली असते. काँक्रीटच्या टिकाऊपणाचे अभ्यासक डी सिटर यांनी १९८४ मध्ये मांडलेला एक ठोकताळा अभियंत्यांमध्ये प्रसिद्ध आहे : बांधताना वाचवलेला एक रुपया गंज सुरू होण्याआधीच्या देखभालीत पाच, गंज सुरू झाल्यावर दुरुस्तीत पंचवीस आणि त्याहीनंतर पुनर्वसनात सव्वाशे रुपये मागतो. या पाचाच्या पाढ्याला काटेकोर नियम मानण्याचे कारण नाही, पण त्याची दिशा खरी आहे, आणि आपल्या अर्थसंकल्पांत जिला सर्वांत कमी तरतूद मिळते ती नेमकी पाच रुपयांची पायरी आहे.

जिल्हा परिषदेकडे म्हणून केलेली विनंती मर्यादित आणि आजच्या अधिकारांत बसणारी आहे. बांधकाम, शिक्षण, आरोग्य आणि ग्रामीण पाणीपुरवठा अशा निरनिराळ्या विभागांकडे विखुरलेल्या इमारतींची गावनिहाय एकच नोंदवही असावी आणि तीत प्रत्येक बांधकामाचे वर्ष, मूळ नकाशा असल्यास त्याची प्रत, भेगांची छायाचित्रे, आच्छादनाची व कार्बनीकरणाची खोली आणि मागील दुरुस्तीचा तपशील नोंदवला जावा. दरवर्षी मे महिन्यात, शाळांना सुटी असताना, शाखा अभियंत्याने हातोडी, फूटपट्टी आणि द्रावणाची बाटली घेऊन प्रत्येक बांधकाम पाहावे. जेथे संशय येईल तेथेच उपकरणांच्या चाचण्या कराव्यात, म्हणजे खर्च आटोक्यात राहील. या चाचण्यांसाठी नांदेडच्या श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेसारख्या जवळच्या संस्थेशी दीर्घ मुदतीचा करार केल्यास विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष काम मिळेल आणि परिषदेला ठेकेदाराशी संबंध नसलेला अहवाल मिळेल. परीक्षण करणारा आणि दुरुस्ती करणारा यांत कोणतेही नाते नसावे, ही अट लेखी असावी. दुरुस्तीचे अंदाजपत्रक चाचणी अहवाल जोडल्याशिवाय तांत्रिक मान्यतेस जाऊ नये, आणि दुरुस्तीनंतर त्याच जागी तीच चाचणी पुन्हा करून आकड्यांची तुलना केल्याशिवाय अंतिम देयक निघू नये. नव्या कामांबाबत एवढेच की, पाणी मारण्यासाठी लागणारे पाणी आणि त्याची क्लोराइड चाचणी यांचा खर्च अंदाजपत्रकात वेगळ्या ओळीत दाखवावा, म्हणजे तो गाळला गेला तर दिसेल.

या नोंदवहीची प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ती मोठ्याने वाचली जावी, म्हणजे मे महिन्यातील पाहणीचे निष्कर्ष पावसाळा भरात असतानाच पालकांना कळतील आणि कोणत्या खोलीत मुलांना बसवू नये हे गावालाही ठरवता येईल. सुरुवातीला सारा जिल्हा एकदम हाती घेण्याची गरज नाही. येत्या मे महिन्यात राणीसावरगाव आणि त्याच्या भोवतालची गावे घेऊन हा प्रयोग सुरू करावा, पहिली तपासणी शाळेच्या छताची आणि दुसरी जलकुंभाच्या घुमटाच्या आतल्या बाजूची करावी, आणि पाहणीची तारीख गावाला आधी कळवावी, ही आपणास नम्र विनंती.

राणीसावरगाव, ता. गंगाखेड, जि. परभणी येथील एक नागरिक